‘नुसते खडक, कोरल नाहीच’: सार्डिनिया डाइव्ह ट्रिपच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

जूनच्या ट्रिपला तुम्ही दोन स्टार दिलेत. सार्डिनियाजवळच्या ला मद्दालेना बेटांपाशी पाण्याखाली नुसते खडक, थंडीने हात बधिर, शेजारच्या लावेत्सी बेटांचा डाइव्ह आयत्या वेळी रद्द आणि गाइडने तुमचा हात मागे ओढला, या तुमच्या तक्रारी.

थंडीची चूक माझी. वर पाणी २२ अंश असलं तरी पंचवीस मीटरखाली ते एकदम १५-१६ वर येतं. अंदमानची सवय असलेल्या माणसाला हे पुण्यातच ठासून सांगायला हवं होतं. मी ‘पाच मिलीमीटरचा सूट’ म्हणून मोकळा झालो. बोटीवर तुमच्या हातातला कप हलत होता, ते अजून डोळ्यासमोर आहे. मनापासून माफी मागतो. पुढच्या बॅचपासून सात मिलीमीटरचा सूट, हुड आणि ग्लव्हज पॅकेजमध्येच मिळतील.

लावेत्सीचे पैसे परत केलेत, पण तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. लावेत्सी बेटं सार्डिनिया आणि कॉर्सिकामधल्या बोनिफासिओच्या अरुंद सामुद्रधुनीत आहेत, आणि तिथे मिस्त्राल हा वायव्येचा वारा कोंडून जोर धरतो. १८५५ साली याच बेटांवर ‘सेमियांत’ हे फ्रेंच जहाज वादळात फुटलं आणि सुमारे ७०० माणसं गेली. तिथे मी पाहुण्यांना घेऊन नशीब आजमावणार नाही.

‘नुसते खडक’ मात्र मनाला लागलं. भूमध्य समुद्रात अंदमानसारखे प्रवाळ नाहीत. इथे बघायचा तो ग्रॅनाइटच, सुमारे ३० कोटी वर्षांचा. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली होता, तेव्हा हे धोंडे उघड्यावर ऊनपाऊस खात गोल झाले. आता त्यांच्या फटींत ग्रूपर मासे राहतात. तुमच्या फोटोतला एवढा थोराड आहे, म्हणजे बहुतेक नर. हे मासे आधी मादी असतात, बरीच वर्षं जगले तरच नर होतात. इतकी वर्षं त्याला कुणी मारलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

आणि तो हात. अठ्ठावीस मीटरवर तुम्ही ज्या जांभळ्या पंख्याला धरायला गेलात, तो गॉर्गोनियन, म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. वर्षाला जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वाढतो. टॉर्चचा उजेड पडला की निळसर करडा रंग जाऊन लालभडक दिसतो. त्याच्या फांदीला कॅटशार्क या लहान शार्कच्या अंड्याची पिशवी होती, चारी टोकांच्या दोऱ्यांनी गुंडाळलेली, म्हणून गाइडने घाई केली. बोटीवर आल्यावर त्याने हे तुम्हाला सांगायला हवं होतं. ते मी त्याला बोललोय. तुमच्या व्हिडिओत ती पिशवी आली असेल, एकदा थांबवून बघा.