एक स्टार देणाऱ्या वास्कोच्या ग्राहकास: हेलिकॉप्टर का दिलं नाही आणि बॅटरी का फुगली

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: मुलाच्या वाढदिवसासाठी वास्कोहून खास म्हापशाला आलात, पैसे रोख मोजायची तयारी होती, तरी मी शोकेसमधलं रिमोटवर उडणारं ४५० क्लासचं (म्हणजे त्या आकाराच्या वर्गातलं) हेलिकॉप्टर दिलं नाही. त्याऐवजी फोमचं ट्रेनर, म्हणजे नवशिक्यांसाठीचं, विमान 'गळ्यात मारलं'. पुढे त्याची बॅटरी फुगली, तीही बदलून दिली नाही. 'गिऱ्हाइकाची किंमत नाही' असं शेवटी लिहिलंय. सविस्तर उत्तर देतो, कारण दिवाळी आली, मे महिन्याची सुट्टी लागली की हेच हेलिकॉप्टर मागायला आणखी कुणीतरी येतंच.

हेलिकॉप्टर मी दिलं नाही, आणि उद्या आलात तरी बारा वर्षांच्या नवशिक्या मुलासाठी देणार नाही. त्याची मुख्य पाती जवळपास ३२५ मिलिमीटर लांब, कार्बन फायबरची. ती मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेतात. हिशेब मांडला तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही वेगाने जातं. हवेत फिरणारा कोयताच तो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाचा स्वतः उडवत असलेल्या हेलिकॉप्टरचं पातं लागून जीव गेला. त्याचं मॉडेल याहून मोठं होतं हे खरं, पण तो नवशिकाही नव्हता. हे माहीत असताना मी ते यंत्र कागदात गुंडाळून वाढदिवसाची भेट म्हणून कसं देऊ?

विमानाचं तसं नाही. ट्रेनरचे पंख वर आणि वजन खाली असतं. रिमोटच्या स्टिक (दांड्या) सोडून दिल्या तरी पुरेशी उंची असेल तर ते बहुतेक वेळा आपणहून सरळ होतं. हेलिकॉप्टर सावरत नाही. गायरो (वळण ओळखणारं उपकरण) शेपूट धरून ठेवतो, पण हॉवर करायला, म्हणजे हवेत एका जागी थांबवायला, दोन्ही अंगठे क्षणभरही थांबवून चालत नाही. त्यात यंत्राचं नाक तुमच्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. नवशिका तिथे हटकून चुकीच्या बाजूला स्टिक देतो आणि सावरायला पुरता एक सेकंदही मिळत नाही. पाती गेली, मेन शाफ्ट (पाती फिरवणारा दांडा) वाकला, एखाद्या सर्वोचे (हालचाल देणाऱ्या छोट्या मोटरचे) दात तुटले, हे ठरलेलंच. सिम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या सरावात, कितीही वेळा आपटा, खर्च नाही. मी आधी सिम्युलेटर, मग विमान आणि त्यानंतर हेलिकॉप्टर म्हणतो ते एवढ्यासाठीच. यात माझा धंदा कमीच होतो.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. त्या दिवशी काउंटरवरच्या सिम्युलेटरवर विमान उतरवताना तुमच्या मुलाने थ्रॉटल (मोटरची ताकद) एकदम बंद केला नाही, थोडा थोडा कमी करत आणला आणि चाकं टेकायच्या जरा आधी नाक किंचित वर उचललं. कुणी न शिकवता हे फार थोड्या मुलांना सुचतं. पोरगा चांगला पायलट होईल, म्हणूनच त्याची सुरुवात बिघडू नये असं मला मनापासून वाटतं.

बोगमाळोच्या किनाऱ्यावर उडवू, असं तुम्ही म्हणाला होतात. साहेब, दाबोळीचा विमानतळ तिथून अगदी जवळ आहे आणि तो नौदलाचा तळही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेलंही येतात. विमानतळाला लागून परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये (परवानगी न लागणाऱ्या भागात) ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्याकडच्या मंडळींनाही हे बघावं लागतं. शिवाय किनाऱ्यावर माणसं असतात, आणि वाळू व खारा वारा बेअरिंग खातात ते वेगळंच.

आता बॅटरी. तुम्ही ती आणलीत तेव्हा तुमच्यासमोरच मीटर लावला. तिन्ही सेल ४.१८ व्होल्टवर होते. विमान पावसाळाभर उडालं नव्हतं, म्हणजे पॅक पूर्ण चार्ज होऊन कपाटात पडून राहिला होता. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी न वापरता ठेवायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा असतो. चार्जरवर 'स्टोरेज' म्हणून पर्याय असतो तो याचसाठी. भरलेला पॅक आठवडेच्या आठवडे तसाच राहिला की आत वायू धरतो आणि पॅक फुगतो. पेटीसोबतच्या मराठी कागदावर हे पहिल्याच ओळीत छापलंय आणि देताना तोंडीही सांगितलं होतं. असा पॅक मी कुणालाच बदलून देत नाही. पण नवा पॅक तुम्हाला खरेदीच्या भावात देईन, मुलाचं उडवणं थांबू नये म्हणून.

रविवारी सकाळी वारा सुटायच्या आत आम्ही काही जण म्हापशाजवळच्या सड्यावर उडवतो. मुलाला घेऊन या. दोन ट्रान्समीटर (रिमोट) जोडून शिकवतो, त्याच्या हातून चुकलं की ताबा माझ्याकडे येतो. शिकवण्याचे पैसे घेत नाही. पायात बूट असू द्या.

आणि तो फुगलेला पॅक तुम्ही रागाने परत घेऊन गेलात. तो पुन्हा चार्जरला लावू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. कपाटातून काढून जळाऊ वस्तूंपासून दूर, मातीच्या भांड्यात किंवा फरशीवर ठेवा आणि जमेल तितक्या लवकर दुकानात आणून द्या. पुढची विल्हेवाट मी लावतो.