नाव ऐकलं नाही म्हणजे पिक्चर भिकार? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर ताईने एक फॉरवर्ड टाकला. "अ‍ॅनिमेशन सिनेमांचं कटू सत्य", खाली पाच मुद्दे, शेवटी "प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा". हा मेसेज मला आधी दोन ठिकाणांहून आला होता, तेव्हा सोडून दिला. पण ताईने त्याखाली माझ्या भाच्याला टॅग करून लिहिलं, "वाच नीट, आता तेरा वर्षांचा झालास." आणि ज्या पोराने गेल्याच आठवड्यात मला फोन करून "मामा, एक जुना जबरदस्त पिक्चर सापडलाय, आपण एकत्र बघायचा" म्हणून सांगितलं होतं, त्याने निमूटपणे एक थम्सअप टाकला आणि गप्प बसला. ते मला सहन झालं नाही.

पहिल्यांदा तिसरा मुद्दा घेतो, कारण खरं नुकसान तोच करतो. "चांगला अ‍ॅनिमेशन सिनेमा आपोआप चालतोच. ज्याचं नावही आपण ऐकलेलं नाही तो चांगला नसणारच."

भाच्याला सापडलेला पिक्चर म्हणजे 'द आयर्न जायंट', दिग्दर्शक ब्रॅड बर्डचा, एक छोटा मुलगा आणि एक अवाढव्य यंत्रमानव यांच्या दोस्तीची गोष्ट. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेत लागला. बनवायला खर्च कमीत कमी ५ कोटी डॉलर आणि थिएटरमधून जगभरात मिळून आले साधारण ३ कोटी १० लाख. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने भिकार, विषय संपला. आता झालं काय होतं ते बघा. आदल्या वर्षी त्याच स्टुडिओचा, वॉर्नर ब्रदर्सचा, 'क्वेस्ट फॉर कॅमेलॉट' आपटला होता, त्यामुळे त्यांचा अ‍ॅनिमेशनवरचा विश्वासच उडाला होता. १९९९ चा एप्रिल उजाडेपर्यंत 'आयर्न जायंट'ची रिलीजची तारीखसुद्धा ठरलेली नव्हती, जाहिरात नावापुरती झाली. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, अ‍ॅनिमेशनच्या अ‍ॅनी पुरस्कारांमध्ये ९ पुरस्कार मिळाले, पण लोकांपर्यंत तो पोहोचेस्तोवर थिएटरमधून उतरलाही होता. मग व्हिडिओवर आणि टीव्हीवर लोकांनी तो हळूहळू शोधून काढला आणि २०१५ मध्ये तोच पिक्चर परत थिएटरमध्ये लावावा लागला. त्यात दोन छोटे सीन वाढवले होते, बाकी सगळं तेच. मग मला सांगा, १९९९ ला तो वाईट होता आणि २०१५ ला चांगला झाला का?

आणि नुसती जाहिरातीची गोष्ट नाहीये ही. त्या काळात अ‍ॅनिमेशन म्हणजे पात्रं गाणी म्हणणार, एखादा विनोदी प्राणी बरोबर असणार, शेवटी लग्न किंवा राज्याभिषेक, हे लोकांच्या डोक्यात फिट्ट बसलेलं. आणि हा पिक्चर १९५७ सालात घडतो, अणुबॉम्बची भीती, शीतयुद्ध, सरकारी एजंट, आणि एकही पात्र गाणं म्हणत नाही. तिकीट काढताना माणूस डोक्यात जे घेऊन जातो ते पडद्यावर दिसलं नाही की "ठीक होता" म्हणून मोकळा होतो, आणि "ठीक होता" ऐकून दुसरा कोणी जात नाही. बरेचसे चांगले अ‍ॅनिमेशनपट असेच मागे राहतात, वाईट असल्यामुळे नाही, तर वेगळे असल्यामुळे.

अलीकडचं उदाहरण पाहिजे तर पिक्सारचा 'एलिमेंटल', २०२३. पहिल्या वीकेंडला अमेरिकेत ३ कोटी डॉलरसुद्धा झाले नाहीत, सगळीकडे फ्लॉप फ्लॉप म्हणून बातम्या. मग बघून आलेल्या लोकांनी एकमेकांना सांगितलं आणि शेवटी जगभराचा आकडा ५० कोटींच्या जवळ गेला. तो थिएटरमध्ये टिकला म्हणून हे झालं. दुसऱ्याच आठवड्यात काढला असता तर आज हाच मेसेज त्यालाही भिकार म्हणत असता.

आता पहिला मुद्दा, "अ‍ॅनिमेशन लहान मुलांसाठी असतं, बारा वर्षांनंतर ते बघणारा मुलगा मागे पडतो." मागे पडतो म्हणजे कशात, ते लिहिलेलं नाहीये. जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) बघा, युद्धात उपासमारीने मरणाऱ्या दोन भावंडांची गोष्ट, तो बघून मोठी माणसं हलतात. २०१९ चा 'द लायन किंग' ज्यांनी "खराखुरा" म्हणून बघितला त्यांनीही अ‍ॅनिमेशनच बघितलं, त्यातले सिंह, झाडं, गवत सगळं कम्प्युटरवर बनवलेलं होतं, खरा म्हणावा असा एकच शॉट. त्या पिक्चरने दीडशे कोटी डॉलरच्या वर कमाई केली. म्हणजे मोठ्या माणसांना अ‍ॅनिमेशन चालतं, फक्त त्याला अ‍ॅनिमेशन म्हटलेलं चालत नाही. आणि हे घराघरातच नाही, २०२२ मध्ये ऑस्करच्या स्टेजवर सुद्धा अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार देताना मुलं हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघतात आणि आईवडिलांना ते सोसावं लागतं असं बोललं गेलं, ज्यावर अ‍ॅनिमेशनमधले लोक चिडले आणि बरोबरच चिडले. पुढच्या वर्षी तोच पुरस्कार घेताना दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोने स्टेजवरूनच सांगितलं की अ‍ॅनिमेशन म्हणजे सिनेमाच आहे.

दुसरा मुद्दा, "आता सगळं कम्प्युटर करतो, यात कला कसली." ताई, तुझ्या मुलाच्या गणिताच्या वहीचा उजवा कोपरा बघितलायस का कधी? पानापानावर एक बॉल काढलाय त्याने, चाळीसेक पानं, अंगठ्याने भराभर सोडली की बॉल उड्या मारतो. मधलं एक पान खोडून खोडून काळं झालंय, कारण तिथे बॉल अडखळत होता आणि त्याला ते खटकलं. जमिनीवर आपटताना बॉल जरा चपटा काढायचा हे त्याला कोणी शिकवलं नाही, ते त्याचं त्याने शोधलं. ही कलाच आहे. हाताने काढलेल्या दीड तासाच्या पिक्चरला सेकंदाला १२ चित्रं धरली तरी ६४,८०० होतात. कम्प्युटरवर केलं म्हणून काम संपत नाही, आधी पात्र घडवायचं, त्याला आतून सांधे द्यायचे, मग कोणीतरी बसून त्याची पापणी कधी लवणार ते ठरवायचं, मग प्रकाश, आणि मग एकेक फ्रेम तयार व्हायला तासन्‌तास लागू शकतात. चांगल्या अ‍ॅनिमेटरचा आठवडा काही सेकंदांच्या शॉटमध्ये जातो.

चौथा, "मुलांना रडवणारे सिनेमे दाखवू नका." यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. 'फायरफ्लाइज' मी सहा वर्षांच्या मुलाला दाखवणार नाही, अ‍ॅनिमेशन दिसलं म्हणून न बघता लावून देऊ नये. पण तेरा वर्षांच्या मुलाला? 'आयर्न जायंट'मध्ये जंगलात एक हरीण उभं असतं, तो अवाढव्य यंत्रमानव वाकून त्याच्याकडे कौतुकाने बघतो, ते पळतं, आणि लगेच गोळीचा आवाज. मग तो बोट पुढे करतो, त्याला कळतच नाही ते उठत का नाही. मरण म्हणजे काय हे तो छोटा मुलगा त्याला समजावतो. आपण पोरांशी हे बोलायला किती वर्षं टाळतो?

पाचवा, "सगळे सारखेच असतात." मोठ्या स्टुडिओंचे बरेच असतात हो, बोलणारे प्राणी, सारखे जोक, दुसरा भाग, तिसरा भाग. पण लॅटव्हियाच्या 'फ्लो'मध्ये एक मांजर पुरातून वाचायला धडपडते आणि पूर्ण पिक्चरमध्ये एक शब्दही नाही. ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनवला आणि २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेला. सारखेच वाटतात कारण जे सारखे असतात त्यांचीच जाहिरात आपल्यापर्यंत येते.

ताई, हे मी ग्रुपवरच टाकतोय, तुझ्या मेसेजच्या खाली. रविवारी मी येतोय, पिक्चर लावणार आहोत, जेमतेम दीड तासाचा आहे. तू पण बस. हरणाचा सीन येईपर्यंत तरी बस.