हरकतीला उत्तर मिळाले पाहिजे

रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एका बाजूचे म्हणणे असे, की सरकार मुंबईत बसून नियम करते आणि आपल्याला विचारत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की प्रत्येकाला विचारत बसले तर एकही नियम होणार नाही आणि तोवर कूपनलिका आणखी खोल जातील. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतले पाणी केळीसाठी वर्षानुवर्षे उपसले गेले आहे, त्यामुळे हा वाद तिथे कुणालाच फुरसतीचा वाटत नाही. मी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, यकिमा खोऱ्यातल्या सफरचंदांच्या मुलखात राहते. पण माझे माहेर याच पट्ट्यातले आहे आणि दोन्हीकडची शेती कालव्याच्या व विहिरीच्या पाण्यावर उभी आहे. इथली नियम करण्याची रीत पाहिल्यावर मला वाटू लागले आहे, की विचारावे की न विचारावे यावर आपण भांडत राहतो आणि विचारल्यानंतर काय व्हायला हवे हा प्रश्न तसाच राहून जातो.

2018 च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने भूजल नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या होत्या. विहिरींची नोंदणी, 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवरचे निर्बंध, अधिसूचित क्षेत्रातले पीक नियोजन अशा थेट बांधापर्यंत येणाऱ्या तरतुदी त्यात होत्या. अशा मसुद्यावर हरकत घेणारा शेतकरी अर्ज लिहितो, कचेरीत देतो, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक मारून घेतो आणि ती प्रत सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवतो. पुढे त्या क्रमांकाचे काय झाले, हे त्याला सांगण्याचे बंधन कुणावर नाही. सगळ्या केंद्रीय कायद्यांना लागू होणाऱ्या सामाईक तरतुदींच्या 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम 23 असे सांगते, की मूळ कायद्याने पूर्वप्रसिद्धीची अट घातली असेल तर नियमांचा मसुदा प्रसिद्ध करावा आणि ठरलेल्या तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्यात. महाराष्ट्राचा याच विषयावरचा 1904 चा कायदाही त्याच वळणाचा आहे. विचारात घेतल्या म्हणजे काय केले, हे लिहून देण्याची अट मात्र त्या कलमात नाही. उलट, राजपत्रात नियम छापून आला की तो रीतसर झाला याचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो.

वॉशिंग्टन राज्यात एखाद्या खात्याला नियम करायचा असेल, तर मसुदा लिहिण्याआधीच ‘या विषयावर नियम करण्याचा आमचा विचार आहे’ अशी सूचना राज्याच्या नोंदपत्रात द्यावी लागते. त्यानंतर मसुदा येतो, सुनावणी होते, लेखी म्हणणे घेतले जाते. सुनावणी पाहणाऱ्याचा पहिल्यांदा विरसच होतो, कारण बोलणाऱ्याला मोजकी मिनिटे मिळतात आणि समोरचा अधिकारी त्या वेळी वाद घालत नाही, बहुधा उत्तरही देत नाही. सगळे ध्वनिमुद्रित होते. खरे काम त्यानंतरचे असते. नियम मंजूर करताना खात्याला एक निवेदन तयार करावे लागते, ज्यात नियम का केला, मसुदा आणि अंतिम नियम यांत काय बदलले आणि का, आलेल्या सूचनांचा सारांश काय आणि विषयवार प्रत्येक सूचना स्वीकारली किंवा स्वीकारली नाही तर कोणत्या कारणाने, हे सगळे लिहावे लागते. शिवाय कोणीही नागरिक एखादा नियम करा, बदला किंवा रद्द करा असा अर्ज देऊ शकतो आणि खात्याने 60 दिवसांत एकतर ती प्रक्रिया सुरू करायची असते किंवा नकाराची कारणे लेखी द्यायची असतात.

अशी निवेदने मी वाचते तेव्हा मला तिथला नकार महत्त्वाचा वाटतो. ‘तुमची मागणी आमच्या अधिकारकक्षेत बसत नाही’ किंवा ‘तुम्ही म्हणता ते मोजमापाशी जुळत नाही’ असे खात्याने छापले, की हरकत घेणाऱ्याच्या हाती भांडायला काहीतरी नेमके येते, आणि पुढे कोर्टात जायचे झाले तरी त्या कारणांचीच तपासणी होते.

इथे सगळे आलबेल आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. वकील आणि सल्लागार पदरी असलेल्या कंपन्या लांबलचक म्हणणे मांडतात. बागांमध्ये फळे तोडणारे, बहुतांश स्पॅनिश बोलणारे मजूर दिवसाढवळ्या होणाऱ्या सुनावणीला फारसे दिसत नाहीत. प्रक्रिया लांबते, हेही खरे आहे. ‘विचारत बसले तर काम होणार नाही’ म्हणणाऱ्यांच्या भीतीत तथ्य आहे आणि विहिरीचे पाणी दरवर्षी खाली जात असताना ती भीती हसण्यावारी नेता येत नाही.

पण सकारण उत्तर देणे ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा कोणताही वीजदर आदेश उघडून पाहावा: ग्राहकांची हरकत, तिला वीज कंपनीचे उत्तर आणि मग आयोगाचा निर्णय, अशा क्रमाने पानेच्या पाने लिहिलेली असतात. 2003 च्या वीज कायद्याने आयोगाला सगळ्या सूचना व हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश द्यायला लावले आहे, म्हणजे मुदतही आहे आणि उत्तरही आहे. केंद्र सरकारने 2014 मध्ये ठरवलेल्या पूर्वविचारविनिमय धोरणातही मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवून आलेल्या अभिप्रायांचा सारांश प्रसिद्ध करण्याची अपेक्षा आहे, फक्त त्याला कायद्याचे बळ नाही.

आयोगाच्या रीतीतही खानदेशापुरती एक उणीव उरते. सुनावणीसाठी नाशिक गाठायचे म्हणजे भुसावळहून अडीचशे किलोमीटर, आणि धडगाव-अक्कलकुव्याहून तर दिवस मोडल्याशिवाय जाताच येत नाही. त्या भागात भिलोरी आणि पावरी बोलणाऱ्या माणसांना राजपत्राची मराठीही जड जाते. 2020 मध्ये केंद्राच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नियमांचा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत काढायला सांगावे लागले. भिलोरी आणि पावरी त्या अनुसूचीतही नाहीत.

म्हणून भूजलाचा पुढचा मसुदा येईल तेव्हा आपल्या आमदारांकडे आणि खात्याकडे मागणी नेमकी असावी. सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, मसुद्याचा गोषवारा ग्रामसभेत लोकांच्या बोलीत वाचला जावा, आणि नियम राजपत्रात येण्यापूर्वी हरकतनिहाय उत्तरांचा तक्ता मराठीत तयार होऊन प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, ज्यात आपल्या आवक क्रमांकापुढे खात्याने काय लिहिले आहे ते अर्जदाराला वाचता येईल.