तारे तोडताना घ्यायची काळजी

अंधेरी पूर्वेच्या भाड्याच्या ऑफिसात तुमचा ऑनलाइन लुडो तयार झाला, प्ले स्टोअरवर चढला आणि 3.4 ताऱ्यांच्या रेटिंगवर जाऊन रुतला. अशा वेळी गेम सुधारावा असा विचार मनात येतो. घाबरू नका, कटिंग मागवा, जातो तो.

आधी हिशेब. सरासरी 4.5 राखायची तर एका एकताऱ्याची भरपाई करायला 7 जणांचे पाच-पाच तारे लागतात. 4.8 चा हट्ट असेल तर 19 जणांचे. म्हणजे एका चिडलेल्या माणसाला स्टोअरपर्यंत पोचू न देणं हे 19 खूश माणसं शोधण्याच्या तोडीचं काम आहे, आणि पडतंही स्वस्त.

माणूस खूश असतो जिंकल्यावर. तो जिंकायची वाट कशाला बघायची? समोर बॉट, म्हणजे माणसाच्या नावाने खेळणारा प्रोग्राम, बसवा, त्याचं नाव 'प्राची_डोंबिवली' ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या डावात गड्याच्या शेवटच्या सोंगटीला हवं तेच दान पडू द्या. सोंगटी घरात गेली, फटाके वाजले की दीड सेकंद थांबून विचारा, 'रेटिंग देता का?' त्याआधी विचारलंत तर त्याचं बोट अजून स्क्रीन बडवत असतं, भलत्याच ताऱ्यावर पडतं. फार उशीर केलात तर मध्ये जाहिरात घुसते. तीस सेकंद बंद न होणारी जाहिरात सोसलेला माणूस एक तारा देतो, तोही शून्याची सोय नसते म्हणून.

आता हे विचारणाऱ्या कार्डाची, म्हणजे स्क्रीनवर उगवणाऱ्या चौकटीची, मांडणी. संध्याकाळची कल्याण फास्ट डोळ्यांपुढे आणा. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला गडी एका हाताने मांडीवरची बॅग धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळतोय. हा अंगठा स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागातच फिरतो. तिथे हिरवंगार, या कडेपासून त्या कडेपर्यंत 'हो, देतो!' ठेवा. 'नंतर' वरच्या कोपऱ्यात, राखाडीवर राखाडी, मुंगीच्या अक्षरात. तिथवर पोचायला बॅग सोडावी लागते, आणि त्या गर्दीत बॅग कोण सोडतो?

'गेम आवडतोय का?' असं विचारून 'हो' म्हणणाऱ्यांना स्टोअरवर आणि 'नाही' म्हणणाऱ्यांना तक्रारीच्या फॉर्मवर धाडायची जुनी युक्ती अजून चालते. मात्र रेटिंगच्या कार्डाआधी असं मत विचारू नये, असं गूगलने आपल्या सूचनांत स्पष्ट लिहून ठेवलंय. तेव्हा कायदा पाळा, मत विचारू नका. 'आजचा दिवस कसा गेला?' एवढीच आपुलकीने चौकशी करा. 'वाईट' म्हणणाऱ्याला फॉर्म द्या: मोबाइलचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, 200 अक्षरांचं किमान वर्णन आणि 1 एमबीच्या आतला स्क्रीनशॉट. त्याचा स्क्रीनशॉट 2 एमबीचा निघेल. राग तिथेच विरतो.

आयफोनवर बेत जपून करा. अ‍ॅपलचं स्वतःचं रेटिंगचं कार्ड एका माणसाला 365 दिवसांत जास्तीत जास्त तीनदा दिसतं, आणि दिसलं की नाही हेही तुमच्या हातात नाही. म्हणून ते 'रेटिंग द्या' अशा बटणाला जोडू नका. कोटा संपलेला असला की बटण दाबूनही काहीच होत नाही, गेम हँग झाला असं वाटून माणूस स्वतःहून स्टोअर शोधत जातो. एवढे कष्ट घेणारा कौतुक करायला जात नसतो.

पाच ताऱ्यांना 500 नाणी? दोन्ही स्टोअरना हे मंजूर नाही. त्याहून मोठी अडचण व्यवहाराची: किती तारे दिले, मुळात दिले की नाही, हे कार्ड तुम्हाला कळवतच नाही. मुंबईकर नाणी खिशात घालून कार्ड बंद करतो.

'नको, मराठी उद्योजक बुडाला तरी चालेल' असं नकाराचं बटण काहींनी सुचवलंय. नोव्हेंबर 2023 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे. लाजवून होकार घेणं आणि सारखं टोचत राहणं, दोन्ही तिच्यात बसतात. यादी जरूर वाचा. निम्म्या क्लृप्त्या तुम्हाला सुचल्याही नसतील.

सोसायटीच्या ग्रुपवर आवाहन करताना सर्वांनी एकाच रात्री 'मस्त गेम' लिहू नये, एवढं बजावा. नकली गठ्ठा स्टोअर उचलून टाकतं. 2020 मध्ये टिकटॉकवर एकताऱ्यांचा पाऊस पडला तेव्हा गूगलने लाखोंनी अभिप्राय काढले होते. तुमचं रेटिंग वाचवायला मात्र ते इतकी धावपळ करतील असं धरून चालू नका.

तरीही एखादा लिहितोच: 'जिंकत होतो, घाटकोपरच्या पुढे नेट गेलं, परत आलो तर हरलेला दाखवतोय.' त्याचं खरं आहे. तुमचा सर्व्हर तुटलेल्या खेळाडूची 10 सेकंद वाट बघतो आणि डाव समोरच्याला देऊन टाकतो. मुदत 60 सेकंद करून तोवर त्याच्या जागी बॉट खेळवायचा, पट सर्व्हरवर जपायचा, हे दोनेक दिवसांचं काम. पण दोन दिवसांत कितीतरी कार्डं सजवून होतात. प्ले स्टोअरवर उत्तराला 350 अक्षरं मिळतात. 'प्रिय खेळाडू, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया इंटरनेट तपासा' यात ती निम्मीही संपत नाहीत. उरलेल्यात दिवाळीच्या शुभेच्छा द्या.

अगदीच गळ्याशी आलं तर अ‍ॅपलकडे नव्या आवृत्तीसोबत सरासरी पुसून टाकायची सोय आहे. लिहिलेले अभिप्राय तसेच राहतात, आकडा जातो. यानंतरचे पहिले दहा-वीस तारेच तुमची नवी अब्रू ठरवणार, तेव्हा मुहूर्त बघा: रविवार, दुपारी दोन, तिन्ही मार्गांवर मेगाब्लॉक. लोक जेवून घरच्या वायफायवर लोळत असतात, आणि घाटकोपरच्या पुढे कोणी गेलेलंच नसतं.