डिरेलर संपला म्हणण्याआधी नक्की काय घसरतंय ते बघा

सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. गिअरच्या जुन्या सायकलीचा गिअर घसरायला लागला की मागचा डिरेलर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर चेन इकडून तिकडे सरकवणारा भाग, संपला. त्याचे दोन स्क्रू आवळा, तेल सोडा, नाहीच जमलं तर नवा डिरेलर टाका किंवा गिअर काढून सरळ सिंगल स्पीड करा. असं वाचून किती चांगले डिरेलर भंगारात गेले असतील कोण जाणे.

मुळात ‘घसरतो’ या एका शब्दात दोन वेगळी दुखणी आहेत. चढावर चेन आपोआप लहान चकतीवर उतरते आणि पायडल जड होतं, हे एक. चेन त्याच चकतीवर राहते, पण जोर दिला की ‘कडाक्’ करून दाते सोडते, हे दुसरं. दोन्हींत डिरेलर बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आधी पहिलं. शिमानोचा टकटक बसणारा इंडेक्स गिअर १९८४ च्या सुमारास आला. त्याआधीच्या गिअर बदलायच्या बहुतेक लिव्हर निव्वळ घर्षणावर धरून राहतात. डिरेलरमधली स्प्रिंग केबलला सतत लहान चकतीकडे खेचत असते, आणि तिला थोपवतो तो लिव्हरच्या मधोमध असलेला स्क्रू. माझ्या मित्राची दहा गिअरची सायकल सिंहगडाच्या चढावर दर वळणाला दगा द्यायची. एका दुकानात नवा डिरेलर सांगितला होता. लिव्हरचा तो स्क्रू अर्धा फेरा आवळला, काम झालं. (खर्च: एक कटिंग, तोही मित्राचाच.)

दुसऱ्या दुखण्यात बहुधा चेन झिजलेली असते. ते मोजायला १२ इंची स्टीलची पट्टी लागते. चेन ताणून शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. १२ इंचांची रेघ बरोबर पिनवर आली तर चेन ठीक. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ गेली असेल तर फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठाही, झिजलंय. त्यावर नुसती नवी चेन चढवलीत तर जास्तच उड्या मारेल.

आता मेसेजमधले डिरेलरचे ते दोन स्क्रू. ते गिअर धरून ठेवत नाहीत, चेनने दोन्ही टोकांना कुठवर जायचं तेवढंच ठरवतात. उगाच आवळले की टोकाची चकती मिळेनाशी होते आणि मग ‘बघा, संपलाच’. ‘एल’चा, म्हणजे मोठ्या चकतीकडची हद्द ठरवणारा स्क्रू फार सैल सोडलात तर मात्र चेन आणि डिरेलर दोघंही स्पोकमध्ये शिरतात.

तेल सांध्यांना थेंब थेंब पुरे. जास्तीचं तेल पुण्याची धूळ गोळा करतं.

नवा डिरेलर घेण्याआधी सायकलीच्या मागे उकिडवे बसा. पार्किंगमध्ये उजव्या अंगावर पडलेल्या सायकलीचा हँगर, म्हणजे फ्रेमचा डिरेलर अडकवायचा कान, आत वळतो. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चकत्या वरच्या चकतीखाली सरळ रेषेत दिसत नसतील तर नवा डिरेलरही तिरकाच बसणार. जुन्या स्टीलच्या फ्रेमचा हँगर जाणत्या हाताला सरळ करता येतो.

सिंगल स्पीडचा सल्ला देणाऱ्यांनी आधी कात्रजचा घाट चढून दाखवावा.

एक मान्य. डिरेलरचं खालचं टोक धरून हलवा. सांधे खिळखिळे होऊन तो डावीकडे-उजवीकडे लटलट डुलत असेल, तर मेसेजवाल्याचं बरोबर आहे. तेव्हा खुशाल बदला.