‘बॉक्समध्ये उभा करायचा, झालं’ म्हणणाऱ्या वाचकास

घोड्याच्या फऱ्याचं, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडाचं फ्रॅक्चर आणि त्यावरची शस्त्रक्रिया या माझ्या मागच्या लेखावर ‘एक पशुवैद्य’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो (बॉक्स म्हणजे तबेल्यातली घोड्याची खोली, बार्बारो म्हणजे अमेरिकेतला रेसचा घोडा) : “खांद्याचं हाड मोडलं तर घोडा बॉक्समध्ये उभा करायचा, झालं. शस्त्रक्रिया हे श्रीमंत मालकांचे चोचले. बार्बारोचं काय झालं ते आठवा. भुलेतून उठताना घोडा पुन्हा मोडून घेतो, हे सोयीस्करपणे गाळलंत. तबेल्यात शेण उचलून कोणी सर्जन होत नाही.”

शेण उचललंय, साहेब. माझे वडील पुण्यात रेसच्या घोड्यांचे सईस होते आणि शाळेआधी मी त्यांच्या हाताखाली असायचो. सर्जन असल्याचं मी कुठे म्हटलंय ते तेवढं दाखवा. स्वतःचं नाव लपवून पदवी तेवढी पुढे करायची, याला आमच्या पागेत वेगळा शब्द होता. इथे लिहीत नाही, बायकामुलं वाचतात.

एक गोष्ट मान्य. लाथ बसून दंडाच्या हाडावरचा डेल्टॉइडचा उंचवटा तुटला, तर घोडा बहुधा विश्रांतीनेच बरा होतो. रेसच्या घोड्यांच्या दंडाच्या हाडात ताणाने पडणारी बारीक चीरही तशीच भरते. मी हे दोन ओळींत उरकलं होतं, चार लिहायला हव्या होत्या.

पण मी लिहीत होतो ते फऱ्याच्या खालच्या टोकाला, सांध्याच्या पुढे आलेल्या उंचवट्याबद्दल, म्हणजे सुप्राग्लेनॉइड ट्यूबर्कलबद्दल. शिंगरांत आणि दीड-दोन वर्षांच्या पोरांत फऱ्याचं नेमकं हेच मोडतं. पडून, किंवा खांदा कुठेतरी आपटून. घोड्याचा बायसेप्स याच उंचवट्यातून निघतो. तुकडा सुटला की हा स्नायू त्याला पुढे आणि खाली ओढत राहतो, आणि बहुतेकदा चीर थेट सांध्यात गेलेली असते.

आता तुमचं ‘उभा करायचा’. घोडा उभ्याउभ्या झोपतो ते कशाच्या जोरावर? पुढच्या पायात बायसेप्सच्या पोटातून एक चिवट कंडरा जातो आणि तिथून पट्टा गुडघ्याखालच्या हाडापर्यंत. त्या ताणावर पाय खांद्यापाशी मुडपत नाही. म्हणजे घोडा नुसता उभा असला तरी तुटलेल्या तुकड्यावर ओढ चालूच! मोडक्या खुंटीला म्हैस बांधून ‘आता खुंटी आपोआप रुजेल’ म्हणायचं, तसली ही विश्रांती. प्लास्टरचं म्हणाल, तर कोपराच्या वर ते धरतच नाही. म्हणून तुकडा जागेवर धरायला स्क्रू, तारेचा ताणबंद किंवा लॉकिंग प्लेट (स्क्रू घट्ट अडकवणारी धातूची पट्टी). तेवढ्यानेही ओढ आवरत नाही, म्हणून कित्येक सर्जन बायसेप्सचा कंडरा थोडा किंवा पूर्ण कापतात. तुकडा लहान किंवा चुरा झालेला असेल तर काढूनच टाकतात. यात चोचले कुठे आले?

आणि फसगत कशी होते ते ऐका. पहिल्या दिवशी घोडा पाय टेकत नाही, मग काही दिवसांत बराच सुधारतो. सगळे म्हणतात, मुका मार होता. घोडे पैदा करणाऱ्या एका स्टडवर (नाव घेत नाही) मी असताना एका इयरलिंग फिलीच्या, म्हणजे वर्षाच्या घोडीच्या, खुरात पू आहे म्हणून डॉक्टर खूर कोरत बसले होते. खांद्याचा एक्स-रे कोणी काढलाच नाही. उभीच ठेवली, अगदी तुमच्या नुस्ख्याप्रमाणे. पुढे फऱ्यावरचं मांस झडलं आणि मधली हाडाची कड हाताला लागायला लागली. फऱ्यावरच्या स्नायूंना जाणारी नस, सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह, दुखावली की असं होतं, हे तुम्हाला मी सांगायचं? ती फिली कधी पळाली नाही. तेव्हा तुम्ही बहुधा कॉलेजातही नसाल.

बार्बारो! २००६च्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला, तोही खाली, खुराच्या वरच्या हाडांत. खांद्याशी संबंध काय? जानेवारी २००७मध्ये त्याला कायमचं झोपवावं लागलं ते लॅमिनायटिसमुळे, म्हणजे खुराच्या आतल्या थराच्या सुजेमुळे. एक पाय दुखतो म्हणून भार दुसऱ्यांवर पडतो आणि मग त्यांचे खूर जातात. म्हणजे दुखऱ्या पायावर घोडा जितक्या लवकर भार टाकेल तितकं बरं, आणि शस्त्रक्रिया करायची ती त्यासाठीच. तुमचं उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय.

खर्चाचं म्हणाल तर घोडा मालकाचा, पैसे मालकाचे. तुम्हाला का झोंबतं कळत नाही.

राहिला भुलेतून उठण्याचा मुद्दा. रफियन या अमेरिकेतल्या रेसच्या घोडीचं १९७५ साली काय झालं, शस्त्रक्रियेनंतर भुलेतून उठताना तिने पाय पुन्हा कसा जायबंदी करून घेतला, ते मलाही ठाऊक आहे. प्रश्न म्हणून विचारला असतात तर सविस्तर लिहिलं असतं. टोमणा म्हणून मारलात, तेव्हा तो तुमच्यापाशीच ठेवा. प्रतिक्रिया मी उडवणार नाही. पुढची मात्र स्वतःच्या नावाने लिहा, नाहीतर छापली जाणार नाही.