पैसे भरलेली संकष्टी

हॉटेलात शिरल्या शिरल्या मनगटावर हिरवी पट्टी डकवतात. ती सुटत नाही, जाताना कात्रीनेच कापावी लागते. मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आं फ्लाकच्या बाजूला आम्ही उतरलो होतो, तिथे माणसं दोनच प्रकारची होती. हिरव्या पट्टीवाल्यांचं खाणं, पिणं, मधल्या वेळचं चरणं, सगळं आधीच वसूल केलेलं. निळ्या पट्टीवाल्यांना नाश्ता आणि रात्रीचं जेवण तेवढं मिळायचं, बाकी साधी कॉफी घेतली तरी बिलावर सही. आमच्या ह्यांची सगळी नोकरी बँकेत, इन्स्पेक्शन खात्यात गेली. कुणी निळा माणूस बिलावर सही करताना दिसला की हे मला कोपराने ढोसून म्हणायचे, "बघ, बिचारा."

पैसे एकदम भरून टाकायचे आणि मग खिशात हात घालायचा नाही, ही टूम १९५० साली मायोर्का बेटावर तंबू ठोकून सुरू झालेल्या क्लब मेद ह्या पर्यटन कंपनीची. ती काढणारा जेरार ब्लिट्झ हा वॉटरपोलो खेळणारा बेल्जियन गडी. दिवसभर पाण्यात हातपाय मारणाऱ्याला जी भूक लागते ती धरून त्याने हिशोब बसवला असणार. डोंबिवलीच्या निवृत्त जोडप्याला, त्यातही एकाच्या पित्ताशयात खडे असताना, तो कसा झेपावा?

ह्यांनी मात्र तो झेपवायचाच असं ठरवलं होतं. छोटी डायरी होती, रकाने आखलेले. बारच्या मेनूकार्डावर निळ्यांसाठी किमती छापलेल्या असत, त्या हे उतरवून घेत. नारळपाणी इतके मॉरिशियन रुपये, गुणिले दोन. दुपारी चारला पॅनकेक मिळायचे, तेही दोन. खोलीतला फ्रिज रोज भरायचे म्हणून हे तो रोज रिकामा करायचे, आणि पाण्याच्या बाटल्यांची आमच्या कपाटात अशी थप्पी लागली की साड्या पलंगावर आल्या.

मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे आमची सहाची जाग तिथे साडेचारलाच यायची. सात वाजता रेस्टॉरंटचं दार उघडे, तोवर काचेला नाक लावून उभं राहायचं. त्याआधी तलावाकाठच्या आरामखुर्च्या अडवायच्या. ह्यात मात्र आम्ही कुणाला हार गेलो नाही. तिथले जर्मन आणि फ्रेंच लोक पहाटे टॉवेल टाकून खुर्ची धरतात. अहो, ज्याने उभा जन्म एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलाय, त्याच्याशी टॉवेलची स्पर्धा! हे साडेपाचलाच खाली जाऊन पंचा टाकून यायचे. लाल काठाचा, विटका. त्याच्या आसपासच्या खुर्च्यासुद्धा रिकाम्याच राहायच्या.

मला पोर्ट लुईला जायचं होतं. तिथे आप्रवासी घाट आहे, १८३४ पासून आपल्याकडचे मजूर जिथे उतरवले तो. बाजारात गाडीवर डालपुरी मिळते म्हणे. गाडीने तासाच्या आतलं अंतर. हे म्हणाले, "जाऊ की. पण दुपारचं जेवण इथे भरलेलं आहे. बाहेर खाल्लं तर एकाच जेवणाचे दोनदा पैसे." मग सकाळी नाश्त्यानंतर निघून जेवायच्या आत परत यायचं ठरलं. नाश्ता साडेदहापर्यंत चाले आणि जेवण साडेबाराला लागे. ह्यांचा नाश्ता साडेदहापर्यंत चाले.

नाश्त्याला तळलेले गातो पिमाँ असायचे. चण्याची डाळ, हिरवी मिरची, कांद्याची पात. म्हणजे आपला डाळवडाच, फक्त आकाराने गोटीएवढा. ते हे पावात घालून खायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच बाईला खुणेने पटवून द्यायचे की हा मूळ आमचा.

आणि मग संकष्टी आली.

मी बुकिंगच्या वेळीच सांगितलं होतं. ह्यांनी तेव्हा मान डोलावली होती, कारण तेव्हा डायरी नव्हती. आता ह्यांचा चेहरा बँकेत रोकड कमी भरल्यासारखा झाला. "अख्खा दिवस?" म्हणाले. "अगं, फळं चालतात ना? मग फळांवर जोर दे." अननस, पपई, लिची असं सगळं माझ्यापुढे रचलं. दुपारपर्यंत माझ्या जिभेची साल गेली.

फळांच्या काउंटरवर एक मध्यमवयीन बाई असायची. तिने माझी ताटली दोन-तीनदा पाहिली आणि विचारलं, "मादाम, कारेम?" म्हणजे उपवास का? मी मनगटावरच्या पट्टीच्या वर बांधलेला गणपतीचा लाल दोरा दाखवला. ती एकदम हसलीच. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. तिला मराठी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, पण आरती तोंडपाठ. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते हे तिने मला असं सांगितलं की जणू सुट्टी तिच्याच घरच्यांनी मंजूर करून घेतली. अर्ध्या तासाने ती आतून एक झाकलेली ताटली घेऊन आली. उकडलेला मान्योक, वर मीठ आणि लोणी. मान्योक म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो. साबुदाणा चालतो, तर त्याचा बाप का चालणार नाही? मी पोटभर खाल्ला. ह्यांनी मेनूकार्ड उलटंपालटं केलं. मान्योक त्यात कुठेच नव्हता, तो नोकरांच्या जेवणातला होता. डायरीचा रकाना कोरा राहिला.

खरा घोळ रात्रीचा. उपवास चंद्र बघून सोडायचा आणि बुफे साडेनऊला बंद. कॅलेंडरात मुंबई-पुण्यापासून बेळगावपर्यंत चंद्रोदय दिलेला असतो, मॉरिशसचा कुठून असणार? ह्यांनी कागदावर आकडेमोड केली. "तिकडे दहा वाजून दहा मिनिटं. दीड तास वजा कर. आठ चाळीस. चंद्र काय दोन आहेत?" मी म्हटलं, "चंद्र एक असेल, पण मी इकडे आहे. इथे उगवेल तेव्हा उगवला." हे म्हणाले, "घरी जूनमध्ये ढगात कधी दिसतो तुला? तेव्हा कॅलेंडरवर जेवतेस ना?" ह्याला उत्तर नव्हतं, म्हणून मी दिलं नाही.

आठ चाळीसला आम्ही वाळूवर जाऊन उभे. समोर समुद्र, आकाश स्वच्छ, चांदण्या भरपूर, चंद्र नाही. पाच मिनिटांनी ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा पश्चिम किनारा आहे. सूर्यास्त बघायला म्हणून इथली खोली महाग असते. चंद्र उगवणार पाठीमागे, पूर्वेला.

पाठीमागे म्हणजे धोबीखाना, जनरेटर आणि कर्मचाऱ्यांच्या स्कूटर. ब्रोशरमध्ये ह्या बाजूचा एकही फोटो नाही. त्यापलीकडे उसाचं रान आणि त्यामागे डोंगर. डोंगर आला म्हणजे आणखी उशीर. नऊ वाजले, नऊ पाच झाले. वाफेवर चादरींचा वास येत होता. पहारेकरी बॅटरी घेऊन आला, आम्ही काय करतोय म्हणून. ह्यांनी काही न बोलता हिरवी पट्टी वर केली. तो म्हणाला, "मस्यू, बार तिकडे." ह्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. तोही थांबून बघायला लागला, मग धोबीखान्यातल्या दोन पोरी आल्या. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं.

नऊ अठराला उसाच्या वर कडा दिसली. मी हात जोडेपर्यंत हे धावत सुटले होते.

मी रेस्टॉरंटमध्ये पोचले तेव्हा हे गोड पदार्थांच्या टेबलापुढे दोन्ही हात पसरून उभे होते आणि झाकणं लावणाऱ्या मुलाला इंग्रजीत सांगत होते की माझ्या बायकोने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. मोठी कोळंबी होती, भाजलेलं मटण होतं, चीजचे सात-आठ प्रकार होते. मी कोपऱ्यातल्या डाळीच्या भांड्याकडे गेले, पांढरा भात वाढून घेतला, वर लिंबू पिळलं आणि बसले.

ह्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मग मेनूकार्डाकडे. डाळभाताला वेगळी किंमत नव्हती. बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाले,

"निदान आइस्क्रीम तरी घे."